मदत हवी आहे: उन्हाच्या सेन्सरवरून आभाळ किती झाकलंय ते कसं काढायचं?

तासगावची_बाग: द्राक्षबागेची फळछाटणी झालीय, डावणीची (पानांवर येणाऱ्या केवडा रोगाची) धास्ती आहे. शेडवर सेन्सर बसवलाय, त्यावरून ढग किती टक्के ते काढायचंय. दुपारी आकडा हलतच नाही. सूत्र द्या कुणीतरी, लवकर. फवारणीचं ठरवायचंय.

मिरज_मास्तर: सेन्सर कोणता? आकडा किती? वर काच आहे का?

तासगावची_बाग: बीएच-१७५०. ५४६१२. वर काही नाही. सूत्र सांगा ना सर.

सोल्डरगन: दादा, सूत्र राहू द्या. ५४६१२ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ही त्या चिपची नेहमीच्या सेटिंगमधली शेवटची पायरी, त्यावर ती मोजतच नाही. भर दुपारचं ऊन लाखाच्या घरात जातं. एमटीरेग (चिप किती वेळ उजेड मोजते ते ठरवणारं सेटिंग) ६९ वरून ३१ करा, सव्वा लाखाच्या जवळपास वाचेल.

कराडचा_वेधकरी: सूत्र आहे की! कास्टेन आणि चेप्लॅक, १९८०. ढगांचे अष्टमांश (आभाळाच्या आठ भागांपैकी झाकलेले किती) भागिले ८, त्याचा ३.४ वा घात, गुणिले ०.७५, ते १ मधून वजा. निरभ्र दिवशीच्या मानाने तेवढं ऊन पोचतं.

मिरज_मास्तर: ते उलटं चालवून बघा. अर्धं आभाळ झाकलं तरी ऊन जेमतेम ७ टक्के घटतं. म्हणजे सेन्सर जरा चुकला की ढगांचा अंदाज कोसळला. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी: काचेचा गोळा, खाली कागदाची पट्टी, ऊन पडेल तेवढी जळते. जळालेले तास भागिले दिवसमानाचे तास म्हणजे ऊन किती, उरलेला भाग ढगांचा.

कराडचा_वेधकरी: त्यातून दिवसाची सरासरी मिळते, त्यांना आत्ताचं हवंय. मग आरसा आडवा ठेवून आठ भाग आखा आणि डोळ्यांनी मोजा.

सावळजकर: मोजून करायचंय काय? डावणी पानावरच्या ओलाव्यानं येते. पहाटे पान हातात धरून बघा, ओलं किती वेळ राहतंय ते लिहून ठेवा.



तासगावची_बाग: ३१ केलं, आकडा हलतोय. पण मघाशी ढग सरकताना निरभ्र दुपारपेक्षाही जास्त दाखवला. सेन्सर खराब लागलाय का?

सोल्डरगन: नाही. सूर्य उघडा आणि शेजारी पांढरा ढग असला की त्याच्या कडेचा प्रकाशही खाली येतो. ऊन खरंच तेवढं असतं. तासाची सरासरी घ्या, आणि एका निरभ्र दिवसाची नोंद तुलनेला ठेवा. फवारणीचं मात्र सावळजकर म्हणतात तसं पानावरूनच ठरवा.