बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचे शिष्य होता येते का?

नगरकर (धागाकर्ता):

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडले, बिऱ्हाड साताऱ्याला हलवले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तशिष्यांचा बंधुसमाज उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षासंस्कार) झालेल्यांना जशी जागा होती, तशीच न झालेल्यांनाही होती. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार मूळ धरण्याआधीच विस्कटला. पण त्यांचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते.

शुभवर्तमानात, म्हणजे नव्या करारातील येशूच्या चरित्रात, जकातदारांचा प्रमुख जक्कय आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कोणाला नाडले असल्यास चौपट फेडण्याचे जाहीर करतो, तेव्हा येशू त्याच्या घराचे तारण त्याच दिवशी झाल्याचे सांगतो. तिथे पाण्याचा उल्लेखही नाही. आपल्या गटात नसलेला कोणी येशूच्या नावाने भुते काढतो, अशी तक्रार घेऊन शिष्य आले, तेव्हा त्याला मना करू नका, असेच उत्तर त्यांना मिळाले. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्यांपेक्षा पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणाऱ्याला स्वर्गाच्या राज्यात प्रवेश आहे, हे तर खुद्द डोंगरावरील प्रवचनात आहे. स्वतः टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि त्या प्रवचनाने त्यांना जे धरले ते सोडलेच नाही. बाप्तिस्मा मात्र १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. मधल्या काळात ते कोणाचे शिष्य होते?

वसईकर:

धागाकर्त्यांनी निवडलेले दाखले खरे आहेत, पण निवडलेले आहेत. ज्याला पश्चात्तापाची गरज नव्हती तो येशूच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापुढे यार्देनच्या पाण्यात उतरला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्यांना त्याने सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली. या दोन गोष्टींना वळसा घालून ज्याला अनुसरायचे तो येशू अर्धाच उरतो.

मला मुख्यतः किमतीबद्दल बोलायचे आहे. निकदेम येशूकडे रात्री आला, अरिमथाईकर योसेफ भीतीपोटी त्याचा गुप्त शिष्य राहिला. शुभवर्तमानाने त्यांना झिडकारले नाही, हे मान्य. पण योसेफाचे नाव आज आपण घेतो ते त्याने रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन क्रुसावर मेलेल्या येशूचे शरीर उघडपणे मागितले म्हणून. टिळकांच्या बाप्तिस्म्याने घर मोडले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. एवढे मोजून झाल्यावर टिळकांनी इतरांसाठी दार सताड उघडले, हे त्यांचे औदार्य. ज्याने काहीच मोजले नाही त्याने त्या औदार्याचा आधार घ्यावा, हे मला पटत नाही. डोंगरावरील प्रवचन आरामखुर्चीत वाचून भारावणारे सुशिक्षित आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षे आहेत. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, मात्र शेजारी कोण बसणार हे आपण ठरवत नाही आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याची परीक्षा तिथेच सुरू होते.

औरंगाबादकर:

‘किंमत’ हा शब्द निघालाच आहे, तर ती आज कोण मोजतो ते पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान अद्याप बाहेर आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारणारा निर्णय कायम ठेवला. तिचा बाप्तिस्मा आणि चर्चमधील नियमित उपस्थिती हे त्यातले महत्त्वाचे पुरावे होते. म्हणजे ब्राह्मण टिळकांची किंमत नातेवाईक आणि समाज वसूल करीत होते, दलित श्रद्धावंताची किंमत थेट शासन वसूल करते, तीही पुढच्या पिढ्यांकडून.

दाखला जाऊ नये म्हणून बाप्तिस्मा न घेतलेली माणसे आमच्याकडच्या उपासनेत नेहमी दिसतात. टिळकांची भजने त्यांना तोंडपाठ असतात, सतरंज्या तीच घालतात, आजाऱ्याकडे पाळकांच्या आधी तीच पोहोचतात. पण प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या) रविवारी भाकरीचे ताट आणि द्राक्षरसाचे छोटे पेले रांगेतून आले की बाप्तिस्मा नसल्याने ती खाली पाहून ताट शेजाऱ्याकडे सरकवतात. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी केलेला हा हिशेब भित्रेपणाचा आहे, असे वसईकरांनी त्यांच्यासमोर म्हणून दाखवावे. शेजारी कोण बसणार हे आपण ठरवत नाही, हेही मला फार गोड वाटले. गोव्यात चर्चमधल्या बंधुसंघांचे सदस्यत्व आणि सणाचे मान कित्येक पिढ्या जातीवरच ठरत होते, आणि त्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला होता.

पुण्याची वाचक:

दोन्ही बाजू पंडिता रमाबाईंना विसरल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चमधील) जोगिणींशी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तावरून व चर्चच्या अधिकारावरून वाद घातला. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने काढले ते दुसरे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली व विधवा आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. पाण्यात उतरणे आणि संस्थेपुढे मान तुकवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतके स्वच्छ कोणी दाखवलेले नाही.

वसईकर:

औरंगाबादकरांना एवढेच सांगेन की त्या माणसांना मी भित्रे म्हणणार नाही आणि १९५० च्या आदेशातील धर्माची अट जावी, असे माझेही मत आहे. बंधुसंघांतला जातिभेद हे पाप आहे, त्याचे समर्थन कसे करणार? पण कायदा अन्यायाचा आहे यावरून संस्कार अनावश्यक ठरत नाही. उलट, दाखला जाईल म्हणून जो बाप्तिस्मा टाळतो, त्यालाही तो घ्यावासा वाटतोच, नाहीतर ताट सरकवताना मान खाली का जाते? धागाकर्त्यांना माझा सरळ प्रश्न आहे: बाप्तिस्मा न झालेल्या अशा शिष्याला मंडळीने प्रभुभोजन द्यावे काय?

नगरकर (धागाकर्ता):

द्यावे. प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला, करिंथकरांना, लिहिताना प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करून मग भाकर खावी असे सांगितले आहे; ती परीक्षा पाळकाने किंवा मंडळीच्या नोंदवहीने घ्यावी असे तिथे म्हटलेले नाही. येशूबरोबर ताटात हात घालणाऱ्यांत त्याला शत्रूंच्या हाती देणारा यहूदाही होता.

वसईकर:

यहूदा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक होता. आत असलेला माणूस अपात्र निघू शकतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते. बाहेरच्याला आत येण्याची गरज नाही, हे नव्हे. आणि पौलाचे ते पत्र ज्यांना उद्देशून आहे ते करिंथकर बाप्तिस्मा झालेलेच होते. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात कोणाचा बाप्तिस्मा कोणी केला यावरून त्यांच्यात पडलेल्या गटांबद्दल पौल त्यांची कानउघाडणी करतो.