शब्दचर्चा : टूलच्या वर्णनात 'काढणे' चालेल का?

आमच्या कोडच्या रिपोवर (कोड आणि त्याचा इतिहास जिथे साठवतो तिथे) एक एआय एजंट काम करतो. त्याला कामं मराठीतच सांगतो, म्हणून त्याच्या टूलची, म्हणजे तो वापरू शकतो त्या तयार कामांची, वर्णनंही मी मराठीत लिहिली. ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळी ठेवलेली कामाची शाखा) डिलीट करणाऱ्या टूलपुढे लिहिलं होतं : 'दिलेल्या नावाची ब्रँच काढते.'

गेल्या आठवड्यात सहकारी एजंटला म्हणाली, "लॉगिनच्या दुरुस्तीसाठी ब्रँच काढ." तिला नवी ब्रँच हवी होती. एजंटने नेमकं हेच टूल उचललं. लॉगिन-दुरुस्ती नावाची जुनी ब्रँच रिपोत होती, तिच्यात मर्ज न झालेलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये अजून न मिसळलेलं काम होतं. टूल आतून गिटचा (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीचा) छोटा 'डी' हा डिलीटचा पर्याय वापरतं, त्यामुळे 'पूर्ण मर्ज झालेली नाही' म्हणून गिटने नकार दिला. सक्तीने डिलीट करणारा मोठा 'डी' असता तर ब्रँच तिथेच गेली असती.

'काढणे'चा नेमका अर्थ कोणता धरायचा? आणि इथे कोणता शब्द योग्य?

प्रतिसाद

सहकारीही बरोबर बोलली आणि तुमचं वाक्यही मराठी म्हणून बरोबरच आहे. घोटाळा आहे तो क्रियापदातच.

'काढणे'चा गाभा म्हणजे आतून बाहेर आणणे. बाहेर आलेली वस्तू हवी की नको, हे क्रियापद सांगत नाही, कर्म सांगतं. विहिरीतून पाणी काढतो ते हवं असतं, पायातला काटा काढतो तो नको असतो. चित्र काढलं, कर्ज काढलं, विषय काढला, शाळा काढली : इथे काहीतरी नवं उभं राहिलं किंवा हाती आलं. डाग काढला, यादीतून नाव काढलं : इथे होतं ते गेलं. माणसाला पाणी आणि काटा यांतला फरक सांगावा लागत नाही. पण 'शाखा' हे कर्म दोन्हीकडे बसतं. बँक नवी शाखा काढते ती उघडते, आणि झाडाची वाळकी फांदी काढतात ती तोडतात. ब्रँचचंही तेच.

मराठीने यावर उपाय दिलेला आहे, तो म्हणजे सहायक क्रियापद. 'काढून टाकणे'मध्ये 'टाकणे' आलं की नवं काही उघडण्याचा अर्थ मिटतो. बोलताना आपण ते गाळतो, समोरच्याला संदर्भ असतो म्हणून. एजंटमागच्या मॉडेलला टूलचा कोड सहसा दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा तपशील, एवढ्यावरच ते टूल निवडतं. म्हणून वर्णनात 'टाकणे' गाळू नका. मी तर सरळ 'डिलीट करते' लिहीन, तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. आणि पुढे एक वाक्य जोडीन : 'नवी ब्रँच हवी असेल तर हे टूल वापरू नये.' केव्हा वापरायचं नाही हे लिहायला आपण फार कंजुषी करतो.

हे दुखणं फक्त मराठीचं नाही. गिटमधला 'चेकआउट' हा आदेश ब्रँचही बदलतो आणि फाइलमधले न नोंदवलेले बदल पुसून ती पूर्ववतही करतो. एकाच शब्दाच्या पोटात एक निरुपद्रवी काम आणि एक काम घालवणारं. शेवटी २०१९ मध्ये गिट २.२३ आलं आणि त्यात ही कामं 'स्विच' आणि 'रिस्टोर' अशी वेगळी दिली. तुम्हीही एका क्रियापदाला एकच काम द्या.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. 'हवं की नको हे कर्म ठरवतं' हे मला सुचलंच नव्हतं. बाकीची वर्णनंही याच नजरेने वाचली, तेव्हा आणखी एक वाक्य अडलं : 'फाइल १० ते २० ओळींपर्यंत वाचते.' विसावी ओळ यात आली की नाही?

प्रतिसाद

'पर्यंत'वर विसंबू नका. 'वीस पानांपर्यंत वाचलं' म्हटल्यावर विसावं पान बहुतेक वाचलेलं असतं. 'पाच वाजेपर्यंत थांब'मध्ये पाचचा ठोका ही थांबण्याची सीमा असते. प्रोग्रॅमिंगमध्ये तर शेवटचा आकडा वगळण्याची रीतही सर्रास आहे, म्हणजे मॉडेलने दोन्ही पाहिलेलं असणार. आपल्याकडे 'धरून' आणि 'वगळून' हे चोख शब्द आहेत, ते वापरा : 'पहिली आणि शेवटची ओळ धरून वाचते.' मोजणी १ पासून की ० पासून, तेही तिथेच लिहा. दुरुस्ती करणारं टूल दुसऱ्या मोजणीने चालत असेल तर एजंट एक ओळ वाचेल आणि शेजारची बदलेल.

जाता जाता 'बदलते'ही तपासा. 'ओळ बदलते' म्हणजे जुनी ओळ जाऊन पूर्ण नवी येते, की ओळीतला सांगितलेला मजकूरच बदलतो? पहिलं असेल तर 'जुन्या ओळीच्या जागी नवी ओळ ठेवते' असं लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

पहिलंच आहे. आत्ताच दुरुस्त केलं. ब्रँचचं वर्णन आता असं आहे : 'अस्तित्वात असलेली ब्रँच डिलीट करते. मर्ज न झालेलं काम असेल तर डिलीट न करता चूक कळवते. नवी ब्रँच तयार करण्यासाठी हे टूल वापरू नये.'