कामात जीव कशामुळे लागला? तुमचे अनुभव लिहा

शिरवळकर:
सकाळी ऑफिसात सर्व्हेचा मेल आला, 'कामाविषयी किती आपुलकी वाटते, १ ते ५ मध्ये सांगा'. तो वाचला आणि भोसरीचे दिवस आठवले. डिप्लोमा झाल्या झाल्या तिथल्या एका लहान मशीन शॉपमध्ये लागलो होतो. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जमिनीवरच्या बिनमध्ये यायची. दर जॉबला ऑपरेटर कमरेत वाकायचा, उचलायचा, लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरायचा. लेथवरचे मामा एकदा चहाच्या सुट्टीत म्हणाले, "साहेब, हे बिन जरा वर आलं तर पाठ वाचंल." सुपरवायझरनी तिथल्या तिथे खिशातली टेप काढली, मामांना उभं करून माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्क्रॅपमधल्या अँगलचं स्टँड वेल्ड होऊन हजर! उंची थोडी जास्त झाली होती, ती मामांनीच कापून घेतली. मग काय, रोज नवीन काहीतरी. कूलंटचा पाइप इकडून घ्या, दिवा तिकडे सरकवा, कानशीला खुंटी ठोका. बघता बघता सगळेच सुचवायला लागले. पगार बेताचाच होता, पण पोरं सोडून जात नव्हती.
माझं तर ठाम मत झालंय, आपण बोललेल्याचं पुढे काहीतरी होतं हे दिसलं की माणूस जीव ओततो. तुमचेही लिहा, बरे वाईट दोन्ही. कंपन्यांची नावं नकोत.

साताऱ्याची_सिस्टर:
आत्ताच ड्युटीवरून आले, थोडक्यात लिहिते. ड्युटी लिस्ट वरून यायची, नाइट कोणाला, सणाला सुट्टी कोणाला, विचारायची सोय नाही. नवीन इन्चार्ज सिस्टरनी कोरा तक्ता भिंतीला लावला. म्हणाल्या तुम्हीच भरा, वॉर्ड उघडा पडत नाही ना तेवढं मी बघते. पहिल्या महिन्यात भांडणं झाली, अगदी रडारड. मग आपोआप बसलं. गौरी ज्यांच्याकडे बसतात त्यांना तेव्हा सुट्टी, नाताळला त्यांनी ख्रिश्चन मैत्रिणींची नाइट घ्यायची. आता ऐनवेळी दांडी कोणी मारत नाही. भाजी लागतेय खाली, पळते

रानवारा:
सिस्टर, भाजी वाचली का?

फेज_तीन:
आमच्याकडे दर शुक्रवारी फन ॲक्टिव्हिटी. कॅमेरा चालू ठेवून अंताक्षरी. मॅनेजरबरोबरचं वन-टू-वन मात्र क्लायंट कॉलमुळे सारखं पुढे ढकललं जातंय. मला अंताक्षरी नको हो, अर्धा तास नीट बोलायचंय. गॅलप या सर्व्हे करणाऱ्या कंपनीचे १२ प्रश्न बऱ्याच कंपन्या वापरतात, त्यात एक असा आहे की गेल्या ७ दिवसांत चांगल्या कामाबद्दल तुम्हाला कोणी शाबासकी दिली का. ७ दिवसांत! आमच्याकडे वर्षातून एकदा अप्रेझल, त्यातही बेल कर्व्ह, म्हणजे वरचे मार्क ठरावीक जणांनाच.

मीनाक्का:
+१. आमच्या ह्यांचं अगदी हेच. घरी आले की तासभर बोलतच नाहीत. काळजी घ्या दादा, जेवणाच्या वेळा पाळा.

बेलापूर_लोकल:
सर्व्हेचं म्हणाल तर, निनावी म्हणून भरून घेतला आणि फॉर्ममध्ये वर एम्प्लॉयी कोड. आठवड्याने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, "संवादाला २ मार्क का दिले?" तेव्हापासून आमचं अख्खं सेक्शन सगळीकडे ४ टाकतं. वरच्यांना वाटतं सगळं छान चाललंय. फार वाईट वाटतं, कारण सांगण्यासारखं खूप आहे.

कृष्णाकाठ:
आमच्या भागातली गोष्ट सांगतो. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये माळावर वसली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते मुळात कारखान्याचं पत्रक. त्याचंच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. आपल्या कारखान्यात काय चाललंय हे कामगाराला छापून वाचायला देणारी माणसं होती ती! आज प्लँट हलवणार ही बातमी कामगाराला चहाच्या टपरीवर कळते.

श्टुटगार्टची_वहिनी:
इकडे जर्मनीत ५ कायम कर्मचारी असले तरी त्यांना आपलं मंडळ निवडता येतं, बेट्रीब्सराट म्हणतात. शिफ्टच्या वेळा, ओव्हरटाइम त्यांना विचारल्याशिवाय बदलता येत नाही. आमची सकाळची शिफ्ट पाळणाघर उघडायच्या आधी सुरू व्हायची. आम्ही आयांनी मंडळाकडे लेखी दिलं, बैठका झाल्या, शिफ्ट पुढे सरकली. त्या दिवशी ब्रेकमध्ये केक आणला होता एकीने, चेरी घातलेला. कृती हवी असेल तर देते.

रानवारा:
द्या की कृती! बिनअंड्याची होईल का?

मीनाक्का:
पाळणाघराचा नियम आपल्याकडेही आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आलं, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता यायला हवं. माझ्या भाचीने एचआरला हे दाखवलं तर म्हणे बघू.

फेज_तीन:
बघू म्हणजे झालंच. भाचीला म्हणावं मेलवर लेखी मागा, सोबत अजून दोघी-तिघी घ्या.

शिरवळकर:
बेलापूर, तुमचं वाचून कसंतरी झालं. फॉर्म तरी बाहेरच्या कोणाकडून भरून घ्यावेत. कोड मागितला की माणूस मोकळं लिहिणार कसा?

साताऱ्याची_सिस्टर:
भाजी वाचली. वरची काढून घेतली, खालचं पातेलं भिजत घातलंय.

फेज_तीन:
पाळणाघरावरून आठवलं, वाकडकडे संध्याकाळी ७ नंतरही चालू असणारं कोणाला माहीत आहे का? मुलगी दीड वर्षाची आहे.

रानवारा:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.