ड्रम स्मोकर: निखारे आणि मांस यांच्या मधे परात ठेवावी का?

ह्यूस्टनकर
५५ गॅलनच्या (आपल्या २०० लिटरच्या) ड्रमचा स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवायची भट्टी) घरीच केलाय. बुडाशी हवेसाठी पाऊण इंची तीन भोकं, एकाला बॉल व्हॉल्व्ह (हवा कमी-जास्त करायची तोटी), दोघांना टोपणं. कोळशाच्या जाळीदार टोपलीपासून दोन फूट वर मांसाची जाळी. इथले मित्र सांगतात, मधे पाण्याची परात ठेव. माझं मत ठाम आहे: ठेवू नये. चरबी निखाऱ्यांवर टपकते, तिचा धूर मांसाला लागतो, ड्रमची खरी चव तीच. ती अडवायची तर एवढी खटपट कशाला केली?

चुलीवरची
अजिबात पटलं नाही. चरबी निखाऱ्यांवर जळली की कर्करोगाला कारण ठरू शकणारी पीएएच द्रव्यं तयार होतात आणि धुरावाटे मांसावर बसतात. पोर्क शोल्डर दहा-दहा तास आत असतो, किती चरबी गळत असेल? शिवाय झाकण उघडलं की भडका उडतो, वरची साल करपून कडू होते.

ह्यूस्टनकर
भडका चरबीमुळे कमी, हवेमुळे जास्त. झाकण उघडलं की हवा आत घुसते, म्हणून मी ते उगाच उघडत नाही. हवा कमी असेल तर निखारे धुमसतात, पेटत नाहीत. पीएएचचा मुद्दा मात्र मान्य, तो नाकारत नाही.

सांगलीचा पाहुणा
परातीचं नंतर बघा. ड्रममध्ये आधी काय भरलं होतं? आमच्याकडे भंगारात रसायनांचे ड्रम सर्रास मिळतात, त्यांना हात लावू नये. खाद्यतेलाचा असला तरी आत लेप असू शकतो. लाकडाचा मोठा जाळ करून तो लेप पूर्ण जाळायचा, पत्रा घासून उघडा करायचा, मग तेल लावून तापवायचा. जस्ताचा मुलामा असलेली जाळी किंवा पाइप आत नको, तापल्यावर विषारी वाफ निघते. लाकूड आंब्याचं वापरून बघा, धूर सौम्य असतो.

ह्यूस्टनकर
ड्रम नवा, बिनलेपाचा घेतलाय. तरीही हे सगळ्यांनी वाचावंच.

चुलीवरची
आणि तापमानाचं काय? पाणी उष्णता शोषतं, त्यामुळे पारा एकदम चढत नाही.

ह्यूस्टनकर
ते काम व्हॉल्व्ह करतो. टोपलीत न पेटलेला कोळसा, वर मूठभर पेटलेले निखारे. १२० अंश सेल्सियस हवं असेल तर १०५ लाच हवा कमी करायला लागायचं. एकदा पुढे गेलं की खाली आणायला तासभर जातो. पहिल्या ब्रिस्केटला (बीफच्या छातीकडच्या तुकड्याला) मी इथेच चुकलो, पारा १६० वर गेला आणि कडा चामड्यासारख्या झाल्या. थर्मामीटर झाकणात नको, जाळीपाशी हवा.

चुलीवरची
म्हणजे नवशिक्यानं पहिलं ब्रिस्केट वाया घालवायचं? परात असती तर ते वाचलं असतं. कोंबडीला नको, तासा-दीड तासाचं काम आहे. पण दहा तासांच्या मांसाखाली मी परात ठेवणारच. ते माझ्या मुलांना वाढायचं असतं.