आबांना वारीआधी फ्लूची लस द्यावी का? गेल्या वर्षी ताप आला म्हणून यंदा नकोच म्हणतायत

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
आबांचं वय ६८, शुगर जुनी, बीपीची गोळी चालू. दरवर्षी लोणंदला माउलींच्या पालखीत सामील होतात ते थेट पंढरपूर. तंबूत दाटीवाटीनं झोपायचं, पावसात भिजायचं, ओल्या धोतरावरच चालायचं, आणि परत आले की खोकला ठरलेला. दोन वर्षांपूर्वी तो खोकला छातीत उतरला, न्यूमोनिया झाला, ॲडमिट करायला लागलं. म्हणून मागच्या मे महिन्यात आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तशी फ्लूची लस दिली. त्या रात्री दंड सुजला, कूस बदलली की ठणकायचा, दुसऱ्या दिवशी कणकण, अंग मोडून आलेलं, गाईची धार काढायला बसता येईना म्हणून सगळं घर डोक्यावर घेतलं त्यांनी. नंतर काही नाही. वारीहून आल्यावर सर्दी झाली पण घरच्या घरी बरे झाले. आता यंदा विषय काढला तर म्हणतात, पैसे देऊन ताप विकत घ्यायचा का? बायको म्हणते द्या, पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो सगळा कंपन्यांचा धंदा आहे, आणि मी मधे. माझं मत द्यावी असंच आहे पण बापाला धरून-बांधून तर नेता येत नाही. अनुभव असेल तर लिहा, फॉरवर्ड मेसेज नकोत.

कोरेगावचा पाव्हणा
अजिबात देऊ नका. आमच्या चुलत्यानं घेतली, आठवड्याच्या आत असला ताप भरला की पाच-सहा दिवस अंथरुणावर. त्याआधी माणसाला कधी शिंक न्हाई आली. चांगल्या माणसाला टोचून आजारी पाडायचं हे कुणी सांगितलंय? जुनी माणसं शेतात राबली, भाकरी-ठेचा खाल्ला, तीच त्यांची लस. शुगर सांभाळा, सकाळी हळद घालून दूध द्या, बास झालं.

मिरजेची सिस्टर
दादा, टोचायच्या फ्लूच्या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, जिवंत विषाणू नसतोच, त्यामुळे लशीनं फ्लू होणं शक्यच नाही. मी वॉर्डात काम करते, दरवर्षी स्वतः घेते. दंड दुखतो, लाल होतो, काहींना एक-दोन दिवस कणकण आणि अंगदुखी, इतकंच. तुमच्या चुलत्यांना आठवड्याच्या आत ताप आला म्हणताय ना, तर लस अंगात काम करायला साधारण दोन आठवडे घेते, मधल्या काळात खरा फ्लू गाठू शकतो किंवा दुसराच कुठला व्हायरस. सर्दी-तापाचे व्हायरस ढीगभर आहेत, ही लस फक्त इन्फ्लुएन्झावर आहे. आणि एक गंमत सांगते, मोठ्या माणसांवर असे अभ्यास झालेत की निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी टोचलं, कुणाला काय दिलंय ते माहीत नाही. दोन्ही गटात ताप, डोकेदुखी, खोकला जवळपास सारखाच निघाला. लसवाल्यांचा दंड तेवढा जास्त दुखला.

कोरेगावचा पाव्हणा
म्हंजे चुलत्याचा ताप मनाचा खेळ होता व्हय? ताई तुम्ही वॉर्डात बघता, आम्ही घरात बघतो. आणि तुमच्यातले डॉक्टर लोक कमिशनवर काय काय लिहून देतात ते आम्हाला माहीत आहे.

मिरजेची सिस्टर
मनाचा खेळ म्हटलंच नाही मी. ताप खराच असणार. तो लशीनं आला का लशीनंतर आला, एवढंच विचारते.

सांगलीचा मास्तर
मी लसविरोधी नाही, पोरांच्या सगळ्या लशी वेळेवर झाल्यात, पण या बाबतीत थोडा पाव्हण्यांच्या बाजूनं आहे, कारण वेगळं. इथं कुणीच पैशाचं बोलत नाही. खासगीत एक डोस दीड-दोन हजाराच्या घरात जातो, आणि ही धनुर्वातासारखी एकदा घेतली की वर्षानुवर्षं सुटका अशी भानगड नाही, दरवर्षी घ्यायची, कारण विषाणू रूप बदलतो आणि लशीचा असरही महिन्यागणिक उतरत जातो. घरात पाच माणसं असली तर वर्षाला आठ-दहा हजार. त्या बदल्यात काय, तर लस विषाणूशी नीट जुळली त्या वर्षी ४० ते ६० टक्के बचाव, नाही जुळली तर त्याहून कमी. माझ्यासारख्या चाळिशीच्या धडधाकट माणसाला फ्लू झाला तर पाच-सात दिवस घरी पडेन, उठेन. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवर, पोलिओ सगळं आहे, फ्लू सगळ्यांसाठी नाही, त्यालाही काही विचार असेलच ना? आणि अगदीच वाटलं तर फ्लूच्या विषाणूवरच्या ऑसेल्टामिवीरच्या गोळ्या आहेत की. आजार झाल्यावर औषध घ्यावं, न झालेल्या आजाराला दरवर्षी पट्टी कशाला भरायची.

वाईची आक्का
मास्तर, हिशोब तुमच्यापुरता बरोबर आहे, पण धागा चाळिशीच्या माणसाचा नाही, ६८ वर्षांच्या शुगरवाल्या माणसाचा आहे. दोघांना एकाच तराजूत का घालताय? आणि त्या गोळ्यांचं सांगते. त्या पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्या तर खरा उपयोग. आता वारीत ताप आलेल्या म्हाताऱ्याचे पहिले ४८ तास कसे जातात ते डोळ्यासमोर आणा. पहिला दिवस "भिजलोय म्हणून कणकण आहे", फिरत्या दवाखान्यातून एक क्रोसिन. दुसरा दिवस ट्रकमधे बसून, पण मुक्काम सोडायचा नाही. तिसऱ्या दिवशी दम लागला की मग घरी फोन. माझ्या मालकांचं असंच झालं, वारी नव्हती, लग्नसराई होती एवढाच फरक. सुई घेतली, बरं वाटलं, परत मांडवात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ऑक्सिजनवर. बिल किती झालं ते लिहीत नाही, पण त्यात आमच्या अख्ख्या वाड्याला दरवर्षी लस देऊन वर उरले असते. तेव्हापासून दमा, शुगर, हार्ट असलेल्या माणसाला आमच्याकडे विचारायचंच नाही, सरळ टोचायचं. मी स्वतः घेते का, तर हो, त्यांच्यासाठी. दंड दुखतो म्हणून एक दिवस पोळ्या सूनबाई करते, तेवढाच फायदा 😀

आयटीवाला_पुणे
दंड दुखतो, कणकण येते हे सगळं किरकोळ, खरं कोणी बोलत नाहीये. जीबीएस, म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार! पुण्यात २०२५ च्या जानेवारीत काय झालं विसरलात का, माणसं व्हेंटिलेटरवर होती. फ्लूच्या लशीनं जीबीएस होतो हे अमेरिकेत सिद्ध झालंय, तिथं लसीकरण बंद करायला लागलं होतं. शिवाय युरोपात स्वाइन फ्लूच्या लशीनंतर पोरांना झोपेचा आजार झाला. हे कुठला फॅमिली डॉक्टर सांगतो? सांगत नसेल तर का सांगत नाही?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
हा आमचा धाकटाच असावा अशी दाट शंका आहे.

मिरजेची सिस्टर
प्रश्न चांगला आहे, फक्त तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. पुण्याच्या सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागातला २०२५ चा जीबीएस दूषित पाण्याशी जोडला गेला, कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू निघाला, लशीचा काही संबंध नाही. अमेरिकेचं खरं आहे, १९७६ मध्ये स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली आणि लाखाला साधारण एक जादा जीबीएस दिसला, म्हणून डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. त्यानंतर दरवर्षीच्या लशीवर बारीक नजर असते, ज्या वर्षी वाढ दिसली त्या वर्षीसुद्धा दहा लाखांना एक-दोन. आणि जे सहसा कुणी फॉरवर्ड करत नाही ते म्हणजे खुद्द फ्लू झाल्यावरही जीबीएस होतो, तो धोका लशीपेक्षा जास्त आहे. झोपेचा आजार म्हणजे नार्कोलेप्सी, तेही खरं, फिनलंड-स्वीडनमधे २००९-१० ला, पॅन्डेमरिक्स नावाच्या एका विशिष्ट लशीनंतर. ती आता वापरात नाही. लपवायचं काहीच नाही यात. ज्याला आधी फ्लूची लस घेतल्यावर दीड महिन्याच्या आत जीबीएस झालाय किंवा डोस घेतल्यावर जीवघेणी ॲलर्जी आलीय, त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मी स्वतः पेशंटला आधी विचारते. जोरदार ॲलर्जी दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला येते, म्हणून तर सुई दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसवून ठेवतात. लोक चहा प्यायला पळतात ते सोडा.

आयटीवाला_पुणे
दहा लाखांत एक-दोन म्हणजे शून्य नाही.

वाईची आक्का
खंबाटकीच्या घाटातून ये-जा करतोस ना रे बाबा? मग शून्य धोक्याचं काय घेऊन बसलास.

आयटीवाला_पुणे
आक्का, घाटातून मला जावंच लागतं. लस घ्यावीच लागते असं नाही. बाकी सिस्टर, माहितीबद्दल थँक्स, पुण्याचं पाण्याचं मान्य. पण तरीही माझं म्हणणं, धोका सांगून मग विचारा, घ्यायची का नको ते म्हाताऱ्या माणसालाच ठरवू द्या. आमच्याकडे उलटं चालतं, चला दवाखान्यात, दंड वर करा.

मिरजेची सिस्टर
याला माझा शंभर टक्के पाठिंबा. न सांगता टोचलं की मग दुसऱ्या दिवशीचा साधा ताप पण फसवणूक वाटते. आबांचं बहुतेक तेच झालंय.

कराड मेडिकल
माझं औषधाचं दुकान आहे, म्हणजे कमिशनवाला म्हणून शिव्या आधीच खाऊन घेतो. दोन कामाच्या गोष्टी. एक, टायमिंग. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो, परत एक छोटी लाट जानेवारी ते मार्च. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकारानं खोकून खोकून लोक बेजार झाले होते आठवतं का. म्हणून वारीवाल्या माणसानं एप्रिल-मे मध्येच घ्यावी, पालखी लोणंदला आल्यावर नव्हे, दरवर्षी दोन-चार जण दिंडीला निघायच्या आदल्या दिवशी येतात. दोन, बॉक्स बघून घ्या. डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा लशीत घ्यायचे स्ट्रेन, म्हणजे विषाणूचे प्रकार, ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. बॉक्सवर कुठल्या गोलार्धाची, कुठल्या सालची ते छापलेलं असतं. मे मध्ये घेताना त्या सालची दक्षिणेची मिळाली तर उत्तम, मागच्या थंडीचा उरलेला माल गळ्यात मारून घेऊ नका, त्याची एक्सपायरीही जवळ आलेली असते. आणि चार प्रकारांवरची चारवाली लस संपली म्हणून तीन प्रकारांवरची तीनवाली खपवतोय असं समजून गिऱ्हाईक भांडतं, तसं नाही वो, चौथा जो होता बी-यामागाटा तो मार्च २०२० नंतर जगात कुठं सापडलेलाच नाही, म्हणून तो काढायला सांगितलाय. २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते, लाईट जाते तिथं फ्रीजला बॅकअप आहे का विचारायला लाजू नका. दुकानातून घेऊन पिशवीत टाकून गावभर फिरून संध्याकाळी डॉक्टरकडं जाणारे बघितलेत मी. त्यापेक्षा ज्या दवाखान्यात टोचणार तिथलीच घ्या.

सांगलीचा मास्तर
हे बेस्ट सांगितलं. एक मान्य करायला पाहिजे, आक्कांच्या मुद्द्यावर रात्री थोडं वाचलं. कॅनडात ऑन्टारिओमधला २०१८ चा अभ्यास आहे, फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सहापट. म्हणजे बीपी-शुगरवाल्याला नुसता खोकल्याचा प्रश्न नाही. आबांना द्या. मी घेणार का? नाही, माझं मत माझ्यापुरतं तेच.

माणदेशी
बायको सहाव्या महिन्यात आहे, तिला चालते का? आई म्हणते पोटात बाळ असताना सुया नकोत.

मिरजेची सिस्टर
चालते, उलट सांगितलीच आहे. गरोदरपणात फ्लू जास्त जोरात होतो, आणि आईनं घेतली की बाळाला पहिले काही महिने थोडं संरक्षण मिळतं, कारण सहा महिन्यांच्या आत बाळाला ही लस देताच येत नाही. फक्त टोचायचीच घ्या, नाकातली नको, ती जिवंत विषाणूची असते. आपल्या राज्यात गरोदर बायकांना आणि शुगर-बीपीवाल्यांना सरकारी दवाखान्यात २०१५ पासून मोफत द्यायला सुरुवात झाली होती, तेव्हा विकत घेण्याआधी सिव्हिलला नाहीतर ग्रामीण रुग्णालयात स्टॉक आहे का विचारा. अजिंक्यतारा, तुम्ही पण.

कोरेगावचा पाव्हणा
फुकट असली तर चुलत्याला विचारून बघतो, पण तो येणार न्हाई. मी तर न्हाईच.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
सगळ्यांना धन्यवाद. आबांना हा सगळा धागा वाचून दाखवला, जीबीएससकट. दहा लाखांत एक म्हटल्यावर म्हणाले मग दिंडीतला कोण तरी असेल, आपण नाही. त्यांची खरी अडचण वेगळीच निघाली, उजव्या दंडात टोचलं म्हणून धार काढता आली नाही याचाच राग होता. आता डाव्या दंडात आणि पेरणीचं बी-बियाणं आणून झाल्यावर या अटीवर तयार आहेत. सिस्टर, डॉक्टरांनी न्यूमोनियाची पण लस लिहिलीय, ती ह्याच्यातच येते का वेगळी? आणि एकदमच दिली तर ताप डबल येईल का?

मिरजेची सिस्टर
वेगळी. ती न्यूमोकोकस जिवाणूवर, दरवर्षी घ्यावी लागत नाही. एकाच दिवशी दोन दंडांत देता येतात, पण मग उजवा हातही अडकणार आणि कणकण थोडी जास्त वाटू शकते. तुमच्या आबांचा स्वभाव बघता फ्लूची आत्ता घ्या, दुसरी काही आठवड्यांनी. रात्री दंडावर गार पट्टी ठेवा, चोळू नका, ताप आलाच तर साधी पॅरासिटामॉल. दोन दिवसांच्या वर ताप राहिला तर लशीवर न ढकलता दाखवून घ्या.