मदत हवी आहे: सांगली-मिरजेत चांगला थेरपिस्ट सुचवा

कृष्णाकाठचा: लवकर सुचवा प्लीज. गुगलवर बघून झालंय, ते सांगू नका. बाहेरून सगळं मस्त आहे, ऑफिसात अडलं की लोक मलाच विचारतात, पण आतून सारखं वाटतं आपल्याला काही येत नाही आणि एक दिवस उघडं पडणार. क्लायंटचं जीएसटी रिटर्न भरून झालं तरी रात्री तीनला उठून लॅपटॉप उघडतो, तेच आकडे परत, चूक सापडत नाही, झोपही येत नाही. घरी माहीत नाही.

मिरजेची_सून: दादा, वय किती, कधीपासून होतंय, धडधड-घाम आहे का, कुणाला दाखवलंय का? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

पहाटेचा_गडी: रोज सकाळी आमराईत चार राउंड आणि अनुलोम-विलोम. माझं बीपी त्यानेच उतरलं.

कृष्णाकाठचा: बीपीचं कोण विचारतंय! वय 38, दोनेक वर्षं चाललंय. धडधड होते, जास्त करून 20 तारखेच्या आधी, 3बीची, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नची मुदत असते. दाखवलं नाही.

साधा_माणूस: आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या, थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड आणि घाम येतो. आणि कुणी सांगितलं म्हणून मेडिकलमधनं अल्प्राझोलम, ती घबराटीवरची गोळी, आणून खाऊ नका, सवय लागते.

अण्णा_तासगाव: सायकियाट्रिस्टकडे तर जाऊच नका, एकदा गोळ्या चालू झाल्या की सुटत नाहीत.

मिरजेची_सून: अण्णा, कशावरून? मी एसएसआरआय, म्हणजे डिप्रेशन-चिंतेवरची गोळी, वर्षभर घेतली, डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केली. पहिले दोन-तीन आठवडे फरक नव्हता, नुसतं पोटात ढवळायचं, तेव्हा मीही सोडणार होते. पण दादांना गोळी लागेलच असं नाही. सायकियाट्रिस्ट गोळी लिहितो, सायकॉलॉजिस्ट बोलून काम करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, लाजू नका, आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची थेरपी, करता का तेही विचारा.

अण्णा_तासगाव: बोलायला पैसे कशाला, मित्र मेले का.

साधा_माणूस: मित्र म्हणतो "टेन्शन घेऊ नको", झालं. सीबीटीत गृहपाठ असतो. तीनला जाग आली की डोक्यात आलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहायचं, त्याच्या बाजूने काय, विरुद्ध काय तेही लिहायचं. मग रिटर्न एकदाच तपासून लॅपटॉप बंद, रात्री उघडायचा नाही, सकाळी खरंच काही बिघडलं का बघायचं. पहिल्यांदा जाम जड जातं, कारण परत बघितल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तीच सवय वाढत जाते.

कृष्णाकाठचा: हे पटतंय. पण विश्रामबागेत नको, बायकोचा मामेभाऊ तिथंच मेडिकल चालवतो, दारात गाडी दिसली तरी संध्याकाळपर्यंत घरी पोचेल.

मिरजेची_सून: मग आधी सांगायचं ना! ऑनलाइन घ्या. तोवर 14416 लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि वहिनींना सांगा हो, रात्री तीनला लॅपटॉपचा उजेड त्यांना दिसत नसेल असं वाटतं का तुम्हाला?

कृष्णाकाठचा: तिला सांगायचं बघू. टीएसएच उद्या करतो. फोन ऑफिसातून नाही लावता येणार, रविवारी लावतो.

पहाटेचा_गडी: रविवारी या की आमराईत, फोनही होईल आणि राउंडही.

भडंगवाला: भाऊ, जीएसटीचं करता म्हणून विचारतो, छोट्या दुकानाला क्यूआरएमपी, ती तिमाही रिटर्नची योजना, घ्यावी का?

मिरजेची_सून: अहो, वेगळा धागा काढा!