झुलू कुटुंबाची वंशावळ लिहिताना सासऱ्याचे नाव कोणाला विचारावे?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, दरबानच्या उत्तरेकडील खेड्यांमध्ये, मी गेले काही महिने लेटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचा मिशनरी म्हणून काम करीत आहे. आमचा सोमवार कपडे धुणे, बाजार करणे आणि घरी ख्यालीखुशाली कळवणे यांत जातो. उरलेल्या दिवसांत धर्मशिक्षण, अंगमेहनतीची सेवा आणि ज्या कुटुंबांना हवी असेल त्यांची वंशावळ लिहून देणे, अशी कामे असतात.

गेल्या आठवड्यात दोन सकाळी आम्ही एका शाळेची भाजीची बाग खणली. बुधवारी एका आजींच्या (येथे त्यांना ‘गोगो’ म्हणतात) घरी पावसाच्या पाण्याच्या टाकीसाठी चौथरा बांधला, आणि काम आटोपल्यावर अंगणातच त्यांची वंशावळ लिहायला बसलो. माहेरच्या चार पिढ्या त्यांनी न अडखळता सांगितल्या. मात्र सासऱ्यांचे नाव विचारताच त्या गप्प झाल्या आणि चटईकडे पाहत राहिल्या. सोबतच्या स्थानिक तरुणाने मला हळूच खुणावले, तेव्हा मी विषय सोडला. पुढे त्यांनी आपल्या दिवंगत पतीचे ‘वडील’ म्हणून तिघांचा उल्लेख केला, पण नाव एकाचेही घेतले नाही. स्वतःच्या वडिलांचे जन्मवर्ष विचारले असता, ‘बाम्बाथाच्या लढाईत ते आईच्या पाठीवर होते’ एवढेच उत्तर मिळाले.

माझ्याकडच्या छापील तक्त्यात एका माणसाला एक वडील, एक आई आणि एक जन्मतारीख एवढीच जागा आहे. असा तक्ता प्रामाणिकपणे कसा भरावा, आणि सासरकडची नावे कोणाला विचारली असता आगळीक होणार नाही, हे जाणकारांनी सांगावे.

माजघर

मी त्या प्रांतात बारा वर्षे शिक्षिका होते, त्यामुळे ती चटईकडे वळलेली नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आजींनी माहिती लपवली नाही; त्यांनी मर्यादा पाळली. या रीतीला ‘उकुह्लोनिफा’ म्हणतात. विवाहित स्त्री सासऱ्याचे आणि सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचे नाव उच्चारत नाही. आपल्या आज्या-पणज्या नवऱ्याचे नाव घेत नसत, एवढ्यावरून तुम्हाला याची कल्पना येईल; परंतु झुलू रीत त्याहून पुष्कळ पुढे जाते. त्या नावातील अक्षरांशी जुळणारे रोजचे शब्दही काटेकोर सून टाळते आणि त्यांच्या जागी दुसरे शब्द योजते. राजांच्या नावांबाबत तर सगळी प्रजाच हे पथ्य पाळत असे. झाडाच्या मुळाला ‘इम्पान्दे’ म्हणतात; पण म्पान्दे राजाच्या काळात (१८४० ते १८७२) तो शब्द त्याच्या नावाशी जुळतो म्हणून लोक मुळासाठी वेगळाच शब्द वापरीत.

तेव्हा सासरकडची नावे त्या घरात जन्मलेल्या माणसांना विचारावीत. नणंद हयात असेल तर तिच्याइतकी चांगली साक्षीदार नाही, कारण ती तर त्याच माणसाची मुलगी. दीर, मुलगा किंवा नातूही चालेल. फक्त आजींच्या समोर ते नाव मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचून दाखवू नका.

याच्या उलट, स्त्रियांच्या माहेरची माहिती तिथे जितकी सुरक्षित राहते तितकी फार थोड्या ठिकाणी राहत असेल. लग्न झाले तरी बाईला तिच्या वडिलांच्या कुळाच्या नावाने हाक मारतात. माखुमालो म्हणजे खुमालोंची लेक. नुसत्या हाकेवरून तिचे माहेर कळते, म्हणून घरातील सगळ्या सुनांच्या या हाका आधी टिपून घ्या.

खरे तर तक्ता काढण्यापूर्वी ‘उन्गोवाक्वाबानी?’, म्हणजे ‘तू कोणाच्या घरचा?’, हा प्रश्न विचारायला हवा. त्याचे उत्तर इसिबोंगो, म्हणजे कुळाचे नाव, या रूपाने मिळते आणि त्यापाठोपाठ इझिथाकाझेलो येतात. ही कुळाची गौरवनामे असतात: बुथेलेझींना ‘शेंगे’, खुमालोंना ‘म्नटुंग्वा’, झुलू राजकुळाला ‘न्दाबेझिथा’. म्हातारी माणसे ती एका दमात म्हणतात, आणि परक्याने त्यातले एखादे योग्य जागी उच्चारले की चेहरे खुलतात. पण येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. या नावांपैकी कित्येक पूर्वजांची असली तरी तो पिढ्यांचा क्रम नसतो. एका उत्साही गृहस्थांनी अशी सात नावे बाप-लेक म्हणून एकाखाली एक मांडलेली मी पाहिली आहेत, आणि घरच्या लोकांनी केवळ भिडेपोटी त्यांना होकार दिला होता.

आता तीन वडिलांविषयी. वडिलांचा थोरला भाऊ ‘बाबा ओमखुलू’ म्हणजे मोठे वडील, धाकटा ‘बाबा ओमन्साने’ म्हणजे लहान वडील. आत्यासाठीचा ‘बाबेकाझी’ हा शब्दही ‘बाबा’वरूनच तयार झाला आहे. चुलत भावंडे साहजिकच नुसती भावंडे ठरतात. म्हणून ‘वडील कोण’ असे न विचारता ‘कोणत्या आईच्या घरचे’ असे विचारावे. जुन्या बहुपत्नीक घराण्यांत प्रत्येक पत्नीचे घर वेगळे मोजले जाई. मुख्य पत्नीचे घर ते ‘इन्द्लुन्कुलू’, आणि वारसा त्या क्रमाने चाले. शिवाय ‘उकुन्गेना’ या रीतीनुसार विधवा दिराबरोबर राहिली, तर होणारे मूल मृत पतीचेच मानले जाई. अशा मुलाचे वडील कोण, हे तुमचा तक्ता ठरवू शकत नाही. घरचे लोक ज्याला वडील म्हणतील त्याचे नाव लिहावे आणि उरलेली हकिकत शेरा म्हणून शेजारी नोंदवावी.

कोणाच्या घरी जाताना फाटकाबाहेरूनच हाक देऊन थांबावे, दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यावी आणि वृद्धांच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. तुम्ही चौथरा आधी बांधला आणि वही नंतर उघडली, हा क्रम मला फार आवडला.

उलटतपासणी

वरील माहिती उत्तम आहे. पण ही नावे पुढे कोठे जातात, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. या चर्चमध्ये दिवंगत पूर्वजांच्या वतीने मंदिरात बाप्तिस्मा घेण्याचा विधी आहे, आणि २०२० पासून दरबानजवळ त्यांचे मंदिरही आहे. मृतात्म्याला तो विधी स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक असते, असे त्यांची शिकवण सांगते. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या व्यक्तीसाठी हा विधी करायचा असल्यास जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते, असा त्यांचाच नियम आहे. तो नियम कागदावर ठीक आहे. ज्या आजींच्या अंगणात तुम्ही फुकट चौथरा बांधून दिला, त्या तुम्हाला नाही म्हणू शकतील का?

झुलू घरात पूर्वज म्हणजे केवळ गेलेली माणसे नव्हेत. अमाद्लोझी, म्हणजे पूर्वजांचे आत्मे, घरातच वावरतात, असे मानणारी असंख्य कुटुंबे आहेत, आणि त्यांपैकी अनेक ख्रिस्ती आहेत. झोपडीच्या मागच्या अंगाला ‘उमसामो’ ही राखीव जागा असते. तेथे इम्पेफो ही वनस्पती जाळून पूर्वजांना नावाने साद घातली जाते. अशा घरात नाव देणे म्हणजे माहिती पुरवणे नव्हे. काही मिशनरी ‘आम्हीही पूर्वजांना मानतो’ असे म्हणून जवळीक साधतात. ते मला पटत नाही, कारण दोन्ही ठिकाणी पूर्वजांकडून असलेली अपेक्षा अगदी वेगळी आहे.

नातालचे बिशप कोलेन्सो १८५० च्या दशकात बायबलचे झुलू भाषांतर करू लागले, तेव्हा त्यांचे झुलू सहकारी विल्यम न्गिदी यांनी जलप्रलयाच्या कथेबद्दल ‘हे सगळे खरे आहे का?’ असे विचारले. बिशपांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि त्यातून झालेल्या लेखनामुळे चर्चमध्ये मोठे वादळ उठले. तुम्हालाही असा प्रश्न विचारला जाईल, इतकी मोकळीक त्या अंगणात आहे का, हे पाहावे.

पाटीपेन्सिल

माजघर, आपले मनःपूर्वक आभार. तक्ता बाजूला ठेवून साध्या वहीत लिहायला मी आजपासूनच सुरुवात करतो.

उलटतपासणी, आपला आक्षेप मला लागला, आणि तो रास्त आहे. मंदिरातील विधीविषयी मी सांगतो, पण आतापर्यंत ते शेवटी, वंशावळ पूर्ण झाल्यावर सांगत होतो. ते पहिल्यांदा सांगायला हवे होते. त्याचप्रमाणे सेवेचे घर आणि वंशावळीचे घर एकाच दिवशी एक नसावे, असे मी माझ्या सोबत्याला सुचवणार आहे. वंशावळ नको म्हटले तरी टाकीचे काम होणारच, हे आजींना स्पष्ट कळले पाहिजे.

दप्तरखाना

जन्मवर्षाविषयी मी थोडे सांगतो. आजींनी दिलेले उत्तर अस्पष्ट नाही. बाम्बाथाचे बंड १९०६ मध्ये, १ पौंडाच्या डोईपट्टीविरुद्ध झाले. त्या वेळी मूल पाठीवर बांधलेले असेल, तर जन्म साधारण १९०४ ते १९०६ मधला धरावा, आणि आजींचे वाक्य जसेच्या तसे शेजारी लिहावे. याच पद्धतीने १८९७ ची गुरांची बुळकांडी आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ या दोन खुणा फार उपयोगी पडतात. त्याआधीच्या पुरुषांसाठी अमाबुथो, म्हणजे समवयस्कांच्या राजपलटणी, विचाराव्यात. १८७९ च्या इंग्रज-झुलू युद्धात उथुल्वाना ही प्रौढांची पलटण होती आणि इन्गोबामाखोसी तरुणांची. पणजोबा कोणत्या पलटणीत होते, हे कळले की वयाचा अंदाज बांधता येतो.

कागदपत्रांसाठी पीटरमारित्झबर्गचे सरकारी अभिलेखागार पाहावे. तेथे वसाहतकाळातील दंडाधिकाऱ्यांची दप्तरे आहेत. झोपडीवरचा कर नातालमध्ये १८४९ पासून होता, आणि कर आला की नोंदी आल्याच. पूर्वज अमाखोल्वा, म्हणजे जुन्या मिशन वस्त्यांतील ख्रिस्ती, असतील तर बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या शोधाव्यात. अमेरिकन मिशनरी नातालमध्ये १८३५ पासून आहेत. मात्र बाप्तिस्म्याच्या वेळी अनेकांना नवे नाव मिळत असे, त्यामुळे घरचे नाव आणि वहीतील नाव एकाच माणसाचे असू शकते, हे विसरू नये. जेम्स स्टुअर्ट या दंडाधिकाऱ्याने १८९७ ते १९२२ या काळात सुमारे २०० जणांच्या तोंडी हकिकती लिहून घेतल्या. ते कागद दरबानच्या किली कॅम्बेल ग्रंथालयात आहेत आणि १९७६ पासून खंडांच्या रूपाने छापले जात आहेत. एखाद्या कुळाचा तेथे उल्लेख सापडला, तर त्या कुटुंबासाठी तो उतारा अवश्य नकलून न्यावा.

हयात व्यक्तींची नावे आणि जन्मतारखा कोठेही उघडपणे टाकू नयेत. तेथील वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा जुलै २०२१ पासून पूर्णपणे लागू आहे.

माजघर

एक गोष्ट राहिली होती. शनिवारी कोणाच्याही घरी वही घेऊन जाऊ नका, कारण अंत्यविधी बहुधा शनिवारी सकाळी असतात आणि अर्धे गाव तेथेच असते. मात्र त्या विधीत वाटली जाणारी छापील पत्रिका अनेक घरांत वर्षानुवर्षे जपून ठेवलेली असते, आणि तिच्यात मृताचा अल्पपरिचय, त्याचे आईवडील आणि मुलेबाळे यांची नावे असतात. पुढच्या वेळी आजींना विचारा की पतीच्या अंत्यविधीची पत्रिका घरात आहे का. त्यात सासऱ्यांचे नाव छापलेले असेल, तर आजींना ते उच्चारावे लागणार नाही. त्यांनी नुसते बोट ठेवले तरी तुमचे काम होईल.